दहा ते बाराचा दवाखाना

खैरटेक नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा शिपाई होता. भोळा हा शब्द मी पोरंबाळं बसलीत म्हणून वापरतोय. गावात दुसरा वापरायचे.

केरबा दवाखान्याचा शिपाई. दवाखाना म्हणजे काही मोठी इमारत डोळ्यांसमोर आणू नका. एक खोली, एक दार, गजांची एक खिडकी आणि एक बल्ब. ऑपरेशन नाही, बाळंतपण नाही. कापलं, भाजलं, खरचटलं, काटा मोडला, की तिथे जायचं. मार्था सिस्टर जखम धुवायच्या, औषध लावायच्या, पट्टी बांधायच्या आणि वर चार शब्द सुनवायच्या. खोलीच्या मागेच त्यांचं क्वार्टर होतं. केरबाकडे एक झाडू होता आणि कुलपाची किल्ली होती.

केरबाचे आईबाप तो लहान असतानाच गेले. गजराआत्याने त्याला वाढवला. नोकरीच्या पहिल्या दिवशी तिने त्याला समोर बसवलं आणि सांगितलं, "हे बघ केरबा, सरकारी काम हाय. सांगतील तेवढंच करायचं. जास्त न्हाई, कमी न्हाई. आपलं डोकं मधी घालायचं न्हाई."

"व्हय आत्या," केरबा म्हणाला.

त्या दिवसापासून त्याने डोकं कधी मधे घातलं नाही. असं वागणारी माणसं सरकारात फार वर जातात म्हणे. केरबा शिपाईच राहिला, कारण बाकीचे तसं दाखवतात आणि हा मनापासून करायचा.

आता गजराआत्याचं ऐका, कारण या गोष्टीत हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण आत्याचा पाय त्यात नाही. आत्या कांद्याच्या वखारीत कांदे निवडायला जायची. तिथे एका फळीचा खिळा तिच्या तळपायात घुसला. आत्याला साखरेचं दुखणं. जखम भरेना. सिस्टरनी तिला बजावून ठेवलं होतं, "आत्या, पट्टी रोज झाली पाहिजे. खाडा करू नका. हा पाय वाचवायचा असेल तर दुसरा उपाय नाही." म्हणून आत्या रोज दिवे लागायच्या वेळेला वखारीतून सुटली, की लंगडत लंगडत आधी दवाखान्यात यायची आणि मग घरी जायची.

सगळं बरं चाललं होतं. आणि बरं चाललेलं तालुक्याला कळलं.

तालुक्याहून टिपरेसाहेब आले. फार अभ्यासू माणूस. ते आले अकराच्या सुमाराला. खोलीत डोकावले. पेशंट नाही. आता अकराला खैरटेकात पेशंट कुठून असणार? सगळं गाव रानात. माणसं दिवसभर रानात हातपाय कापून घेतात आणि संध्याकाळी दवाखान्यात येतात. पण हे बघायला साहेबांना संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि साहेब जेवायच्या वेळेला तालुक्याला परत गेले नाहीत, असं आजवर घडलेलं नव्हतं.

"सिस्टर, इथे तर कोणीच येत नाही," साहेब म्हणाले.

"संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, साहेब."

"संध्याकाळचं मला सांगू नका. मी आत्ता डोळ्यांनी बघतोय."

मग साहेबांनी गावाच्या सोयीसाठी दवाखान्याची वेळ कमी केली. सकाळी दहा ते बारा. म्हणजे ज्या वेळेला चिटपाखरू येत नाही, नेमकी तेवढीच वेळ चालू ठेवली. याला साहेबांच्या कचेरीत सुसूत्रीकरण म्हणतात. सिस्टरचा पगार तोच, केरबाचा पगार तोच. वाचणार होता तो बल्ब.

सिस्टर म्हणाल्या, "साहेब, आमच्या गजराआत्यांची पट्टी संध्याकाळी करावी लागते. नाही झाली तर पाय जाईल हो त्यांचा."

"त्यांना दहाला बोलवा."

"दहाला त्या वखारीत असतात. मुकादम सोडत नाही. पुन्हा मधेच उठलात तर घरीच बसा, म्हणाला."

"मग तो मुकादमाचा प्रश्न झाला. आपला नाही," साहेब म्हणाले. केवढा भार उतरला त्यांचा!

"निदान औषध-पट्टी माझ्या खोलीवर ठेवू द्या. मी तिथे करीन."

"अजिबात नाही. सरकारी कापसाचा एक बोळासुद्धा या खोलीबाहेर जाता कामा नये." मग साहेब केरबाकडे वळले. "केरबा, दहाला दार उघडायचं, बाराला कुलूप. किल्ली कोणालाही द्यायची नाही. बारानंतर तुझा बाप आला तरी आत घ्यायचा नाही."

"बाप वारला, साहेब."

"मग तर काहीच अडचण नाही," असं म्हणून साहेब जीपमध्ये बसले.

आता बारा वाजले हे केरबाला कसं कळणार? खैरटेकात बारा वाजता एसटी येते. एसटी आली की बारा वाजले, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. केरबा उंबऱ्यावर बसून एसटीची वाट बघू लागला. त्या दिवशी एसटी घाटात बंद पडली. ऊन कललं. गुरं घरी आली. आत्या आली, तिची पट्टी झाली, ती घरी गेली. अंधार पडता पडता एसटी धुरळा उडवत आली. केरबा उठला, "बारा वाजले हो!" म्हणून ओरडला आणि कुलूप लावलं.

साहेबांना हे कळलं. अशा गोष्टी साहेबांना बरोबर कळतात. दुसऱ्या दिवशी ते स्वतः एक घड्याळ घेऊन आले, खिडकीसमोरच्या भिंतीवर ते ठोकून घेतलं आणि केरबाला म्हणाले, "अरे गाढवा, एसटीवर जायचं नाही. उन्हावर जायचं नाही. कोणाच्या मनगटावर जायचं नाही. हे घड्याळ सांगेल तेच खरं. कोणी काहीही सांगो. उद्या मी जरी येऊन सांगितलं, तरी ऐकायचं नाही. फक्त घड्याळ!"

"व्हय साहेब," केरबा म्हणाला. "तुमचंबी ऐकायचं न्हाई."

"शाबास!" साहेब म्हणाले. हा शब्द लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी लाकूड तासताना दगडू सुताराच्या हाताला वाकस लागली. सिस्टर त्याला पट्टी बांधायला लागल्या. दोन वेढे झाले असतील-नसतील, घड्याळात बारा वाजले. केरबाने दगडूच्या काखेत हात घातला, त्याला उचलून बाहेर ठेवला आणि दाराला कुलूप लावलं. दगडू बाहेर. सिस्टर आत. पट्टीचं एक टोक दगडूच्या हाताला, दुसरं सिस्टरच्या हातात, मधे दार.

"केरबा!" आतून सिस्टर ओरडल्या.

"बारा वाजले, सिस्टर."

"अरे मी आत आहे!"

"मग बरंच हाय की. उद्या दहाला तुम्हाला यायला नगं."

दगडूने बाहेरून पट्टी ओढली, सिस्टरनी आतून सैल सोडली, आणि दारातल्या फटीतून ती पट्टी कशीबशी पुरी झाली. मग दगडूने दरडावलं, की साहेबांनी आत घेऊ नको म्हटलंय, बाहेर सोडू नको म्हटलेलं नाही, तेव्हा केरबाने कुलूप उघडलं. सिस्टर बाहेर आल्या त्या लालबुंद होऊन. म्हणाल्या, "नीट ऐक. आत आलेल्या माणसाचं काम पुरं झाल्याशिवाय त्याला बाहेर सोडायचं नाही. कळलं?"

"व्हय सिस्टर. पुरं झाल्याबिगर सोडायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी शेवाळे मास्तर दवाखान्यासमोरून चालले होते. तहान लागली म्हणून आत आले, माठातलं पाणी प्यायले आणि निघाले. केरबा दारात आडवा उभा राहिला.

"मास्तर, काम पुरं झालं का?"

"झालं की. पाणी प्यायलो."

"इथं पान्याचं काम न्हाई. इथं पट्टीचं काम. ते पुरं व्हऊ द्या."

"अरे मला काही लागलेलं नाही!"

"ते मला सांगू नका. मला सोडायचं न्हाई म्हनून सांगितलंय."

शाळेची घंटा झाली. पोरांचा दंगा इथपर्यंत ऐकू येऊ लागला. शेवटी सिस्टरनी मास्तरांच्या धडधाकट बोटाला पट्टी बांधली, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. जाता जाता मास्तर पट्टीचं बोट नाचवत म्हणाले, "मूर्खा, आधी विचारावं माणसाला, कुठे लागलंय म्हणून! जखम बघावी आणि मग आत घ्यावं. ज्याला लागलेलंच नाही, त्याला आत घेतोस कशाला?"

"व्हय मास्तर. जखम बघून आत घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी दहाला केरबाने दार उघडलं. एका बाईचा हात भाजला होता, तिला आत घेतलं. एका म्हाताऱ्याचा गुडघा फुटला होता, त्याला आत घेतलं. मग मार्था सिस्टर आल्या.

"सिस्टर, कुठं लागलंय?"

"मला कुठे लागायचंय? बाजूला हो."

"मग आत न्हाई. जखम दाखवा."

सिस्टरनी समजावलं. सिस्टरनी दरडावलं. आत भाजलेली बाई कळवळत होती. म्हातारा शिव्या घालत होता. केरबा आपला हात पसरून उभा. शेवटी सिस्टरनी पदराची टाचणी काढली, डोळे मिटून आपल्याच बोटात टोचली आणि रक्ताचा थेंब केरबाच्या नाकासमोर धरला.

"आगाई गं! या, या, लवकर आत या," केरबा हळहळला. "आणि जरा जपत जा, सिस्टर."

गाव हसून हसून लोळलं. तुम्हीही हसा. पण रोज बाराला कुलूप पडत होतं, आणि गजराआत्या रोज दिवे लागायच्या वेळेला येऊन त्या कुलपासमोर उभी राहत होती.

"आरं, मी हाय. आत्या."

"व्हय आत्या. पन बारा वाजून गेलं."

"मी तुला या हातानं भरवलाय रं."

"म्हाईत हाय आत्या. पन साहेबांनी बापालाबी घेऊ नगं म्हनलंय. तू तर बापाची भन."

आत्यानेच तर सांगितलं होतं, सांगतील तेवढंच करायचं. ती लंगडत मागच्या बाजूला जायची. सिस्टर तिचा पाय कढत पाण्याने धुवायच्या आणि आपलं जुनं पातळ फाडून बांधायच्या. औषध मात्र कुलपाच्या आत. जखमेच्या कडा काळ्या पडायला लागल्या. एका संध्याकाळी सिस्टरनी केरबाला हाताला धरून आणलं, कंदील खाली धरला आणि तो पाय दाखवला.

"बघ. हे आणखी वर चढलं, तर पाय कापावा लागेल. मग तुझी आत्या वखारीत जाणार नाही, आणि इथेही येणार नाही. कळतंय का तुला?"

केरबाने पाय बघितला. त्याचे डोळे भरून आले. तो मटकन खाली बसला आणि आत्याचा पाय मांडीवर घेऊन लहान पोरासारखा रडला. रडता रडता म्हणाला, "सिस्टर, मी काय करू? घड्याळ ऐकत न्हाई हो." खरं सांगतो, त्या दिवशी गावात कोणी त्याला हसलं नाही.

आणि मग घड्याळाने ऐकलं.

झालं असं, की त्यातला सेल संपला. सरकारी खरेदीचा सेल, तो किती टिकणार? एके दिवशी अकरा वाजून गेले आणि काटे तिथेच थांबले. केरबा उंबऱ्यावर बसून बाराची वाट बघू लागला. एसटी आली आणि गेली, पण एसटीवर जायचं नव्हतं. ऊन उतरलं, पण उन्हावरही जायचं नव्हतं. शेवाळे मास्तर जाताना आपल्या मनगटाकडे बघून म्हणाले, "केरबा, चार वाजले रे."

"तुमच्या मनगटावं जायचं न्हाई, मास्तर. आमच्यात आकराच वाजल्यात."

दिवे लागायच्या वेळेला आत्या आली. सवयीने मागच्या बाजूला वळली. केरबा ओरडला, "आत्या, हिकडं! दार उघडं हाय. आकरा वाजल्यात."

सिस्टर धावत पुढे आल्या. त्यांनी उघडं दार बघितलं. घड्याळाकडे बघितलं. बाहेरच्या काळोखाकडे बघितलं. मग केरबाकडे बघितलं. मार्था सिस्टर आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. त्या दिवशीही बोलल्या नाहीत. काहीच बोलल्या नाहीत. बल्ब लावला, आत्याला खुर्चीवर बसवलं, पाय स्टुलावर घेतला आणि कपाटातून औषध काढलं.

तेव्हापासून खैरटेकच्या दवाखान्यात कायम अकरा वाजलेले. सकाळी अकरा, दुपारी अकरा, संध्याकाळी अकरा. केरबा उंबऱ्यावरच जेवायचा, उंबऱ्यावरच झोपायचा आणि जाग आली की आत मान वळवून बघायचा. एकदा तो सिस्टरना म्हणाला, "सिस्टर, आवंदा आकरा लईच लांबलं."

"तुला साहेबांनी काय सांगितलंय?"

"घड्याळ सांगंल तेच खरं."

"मग झालं तर," सिस्टर म्हणाल्या आणि तोंड वळवून कापूस कातरू लागल्या.

गावानेही तोंड उघडलं नाही. दुकानदाराने घड्याळाचे सगळे सेल गल्ल्याखाली लपवले आणि कोणी विचारलं तर "संपले" म्हणू लागला. संध्याकाळी दवाखान्यासमोर पुन्हा रानातली माणसं जमू लागली. आणि आत्याच्या जखमेच्या काळ्या कडा हळूहळू गुलाबी होऊ लागल्या.

पण बल्बचं काय? तालुक्याला विजेचं बिल गेलं. माणसं बरी झाली हे तालुक्याला कळायला काही सोय नव्हती, बल्ब जळाला हे मात्र लगेच कळलं. टिपरेसाहेब खवळले. एका संध्याकाळी त्यांची जीप कर्रकन येऊन दवाखान्यासमोर थांबली.

आत बघतात तर काय, बल्ब लख्ख जळतोय. खोली माणसांनी भरलेली. आत्याचा पाय स्टुलावर, जुनी पट्टी सोडलेली, नवी अजून बांधायची.

"केरबा! किती वाजले?"

"आकरा, साहेब."

"अकरा? बाहेर काळोख पडलाय!"

"काळोखावं जायचं न्हाई, साहेब."

"सगळे बाहेर व्हा!" साहेब गरजले. "आधी सगळे बाहेर!"

सगळे बाहेर आले. आत्या सिस्टरच्या खांद्याला धरून एका पायावर उड्या मारत बाहेर आली आणि ओट्यावर बसली. साहेब खोलीच्या मधोमध, दाराकडे पाठ करून, त्या घड्याळाकडे डोळे वटारून उभे होते. तसेच ओरडले, "केरबा! हे दार आत्ताच्या आत्ता लाव! कुलूप घाल! आणि दहा वाजेपर्यंत उघडलंस तर नोकरीवरून काढून टाकीन!"

"व्हय साहेब," केरबा म्हणाला. दार ओढलं आणि कुलूप घातलं.

मग दार हलायला लागलं.

"केरबा, दार उघड!"

केरबाने खिडकीतून घड्याळ बघितलं. "दहा वाजलं न्हाईत, साहेब."

"अरे मी सांगतोय!"

"तुमचं ऐकायचं न्हाई, साहेब. तुम्हीच शाबास म्हनला व्हता."

"ते घड्याळ बंद पडलंय, गाढवा! थांब, मी तुला दहा वाजवून दाखवतो!"

साहेबांनी आत्याचं स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि काटे फिरवू लागले. काटे पुढे सरकले. खिडकीतून केरबा ओरडला, "साहेब, बारा वाजलं! आता तर उघडायचंच न्हाई!"

साहेबांना घाम फुटला. ते घाईघाईने आणखी फिरवू लागले. एक वाजला, चार वाजले, सात वाजले. दहा आता येणार, एवढ्यात स्टूल कलंडलं. साहेब खाली आणि घड्याळ साहेबांच्या कपाळावर. काच फुटली, काटे कुठे, कपाळ कुठे! रक्त नाकावरून ओघळायला लागलं.

"मेलो! अरे, मला लागलंय!"

"लागलं का?" केरबाने सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं, साहेब. बिनजखमेचं मानूस आत ऱ्हायलं म्हनून मला मगापासनं घोर लागला व्हता."

साहेब कपाळाला रुमाल दाबून खिडकीशी आले. "सिस्टर, काहीतरी करा हो!"

"करते, साहेब. पण औषध आत आहे आणि मी बाहेर."

साहेबांनी कपाट उघडलं आणि औषध, कापूस, पट्ट्या असं सगळं एकेक करून गजांतून बाहेर दिलं.

"साहेब, बोळा बाहेर चालला!" केरबा घाबरून ओरडला.

"जाऊ दे बाहेर! सगळे बोळे जाऊ देत!"

सिस्टरनी सामान घेतलं, वळल्या, आणि ओट्यावर बसून आत्याचा पाय मांडीवर घेतला.

"अहो सिस्टर, मी इकडे आहे! रक्त वाहतंय!"

"दिसतंय, साहेब. पण यांचा नंबर आधी होता. यांना तुम्ही अर्ध्यातून उठवलंत."

साहेब गज धरून उभे राहिले. आत्याची जखम धुऊन, औषध लावून, पट्टी बांधून होईपर्यंत त्यांना दुसरीकडे बघायला काही नव्हतं. त्यांनी तो पाय बघितला. बराच वेळ बघितला. मग सिस्टरनी गजांतून हात घालून त्यांचं कपाळ पुसलं, औषध लावलं. औषध चांगलंच झोंबलं, तेव्हा साहेबांनी "आई गं!" केलं.

"केरबा, बाबा," साहेब रडकुंडीला आले, "आता तरी उघड."

"दहा वाजल्याबिगर कसं उघडू? आता तर घड्याळबी न्हाई. दहा वाजायचं कुठं?"

"दहा नको, बारा नको! वेळच रद्द! दार उघड आणि उघडंच ठेव. दिवसा ठेव, रात्री ठेव. पुन्हा कधी लावू नकोस! कोणी लाव म्हणालं, मी स्वतः येऊन लाव म्हणालो, तरी ते लागता कामा नये!"

सगळ्या गावाने ऐकलं. केरबाने कुलूप काढलं. साहेब जे बाहेर पडले ते थेट जीपमध्ये.

तालुक्याला पोचेपर्यंत साहेबांचं डोकं थंड झालं आणि अक्कल परत आली. म्हणजे होती तेवढी. आपण हे काय बोलून बसलो? त्या बल्बचं काय होणार? त्यांनी चांगलं जाडजूड नवं कुलूप विकत घेतलं. पण कपाळाची पट्टी बदलायची होती. दहा ते बारा साहेबांना कचेरी असते, त्या वेळेत त्यांना कसं जमणार? तेव्हा ते चार दिवसांनी संध्याकाळी आले. मनाशी ठरवून आले, आधी पट्टी आणि मग कुलूप.

दवाखान्यासमोर गर्दी होती. बल्ब जळत होता. ओट्यावर एक नवं बाकडं टाकलेलं होतं, लांबरुंद, चांगल्या सागवानी फळ्यांचं, चार भक्कम पायांचं. त्यावर नंबर लावून माणसं बसली होती. गजराआत्याही होती, दोन्ही पायांत चपला घालून.

"या साहेब, मी सरकते," आत्या म्हणाली. "नंबरानं बसा."

साहेब बसले. आपला नंबर आला तशी आत जाऊन पट्टी करून घेतली, बाहेर येऊन जरा घेरी आल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा बसले, घोटभर पाणी प्यायले. मग त्यांनी खिशातून कुलूप काढलं आणि आवाज चढवला, "केरबा! दार लाव, आणि हे कुलूप घाल!"

"ते लागता कामा नये म्हनलाय तुम्ही, साहेब."

"आता मीच सांगतोय, लाव!"

"तुम्ही सांगितलं तरी लागता कामा नये, आसंबी म्हनलाय," केरबा हात जोडून म्हणाला. "त्या दिशी मला रातभर झोप लागली न्हाई, साहेब. म्हनलं, माझं काय खरं हाय? कुनी वरडलं की मी आपला लावून टाकीन. मग सकाळी दगडू सुताराला बोलावलं आणि काढूनच टाकलं."

साहेबांनी दवाखान्याकडे नीट बघितलं. मघाशी ते आत गेले होते, बाहेर आले होते, पण दार लागलं नव्हतं की उघडलं नव्हतं. तिथे नुसती चौकट होती.

"काढून टाकलं? अरे, मग दार आहे कुठे?"

"आसं काय करताय, साहेब," केरबा म्हणाला. "मगापासनं तुम्ही बसलाय कशावं?"